डबल बेल: लातूर ते किनवट, त्यांच्या जुन्या रस्त्यानं

यंदा आमच्या घरातल्या चौघांच्याही वयाचे आकडे पाचावर नाहीतर शून्यावर येणार होते. मी साठ, आमचे मिस्टर भास्करराव पासष्ट, मुलगी मेघा पस्तीस आणि मुलगा निखिल तीस. मेघानं वर्षाच्या सुरुवातीलाच फोनवर फर्मान काढलं, "चार वाढदिवस, चार ट्रिपा. ज्याचा वाढदिवस त्यानं ठिकाण सांगायचं. बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही."

मार्चमध्ये माझ्या साठीला कोकण झालं. जूनमध्ये निखिलच्या तिशीला हैदराबाद. त्यानं तिथं फ्लॅट घेतलाय, त्याच्या हाताखाली आता सहा माणसं काम करतात, आणि तो स्वतःचा डबा स्वतः करतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं. सप्टेंबरात मेघासाठी वेरूळ. या ट्रिपांविषयी मी याच सदरात लिहिलंच आहे. फक्त दोन गोष्टी तेव्हा लिहिल्या नव्हत्या.

कोकणातल्या लॉजवर भास्करराव हातात किल्ली घेऊन व्हरांड्यात उभे होते. कोणती खोली आपली, ते त्यांना आठवत नव्हतं. नवी जागा आहे, होतं असं, असं मी मनाशी म्हटलं. हैदराबादला ते दूध आणायला खाली उतरले आणि दोन तासांनी परत आले, हातात कोथिंबिरीची जुडी. "दूध?" मी विचारलं, तर हसले. निखिलही हसला. मी हसले नाही. मी एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. एका पानावर चूक दिसली की ती दुरुस्त करायची. तशीच चूक दुसऱ्या पानावर दिसली की सगळा अंक पुन्हा वाचायला घ्यायचा, ही आमची पद्धत. मी अंक वाचायला घेतला होता. वेरूळला मात्र काहीच सापडलं नाही. गाडी त्यांनीच चालवली, पायऱ्या माझ्याआधी चढले, वाटेतल्या गावांची नावं न चुकता सांगितली.

डिसेंबरात त्यांची पासष्टी आली. समुद्र नको, डोंगर नको. म्हणाले, "मला किनवटची गाडी घ्यायचीय."

भास्करराव एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बरीच वर्षं नांदेड–हदगाव–हिमायतनगर–किनवट ह्या रस्त्यावर त्यांची ड्युटी असायची. मेघा आता किनवटजवळ मुलींच्या निवासी शाळेत वसतिगृहाची अधीक्षिका आहे. त्यामुळं सगळ्यांना ही कल्पना आवडली. मलाही आवडल्यासारखं मी दाखवलं. खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती. हा रस्ता त्यांच्या हातापायात मुरलेला आहे. इथंही ते चुकले, तर मग मला स्वतःशी लपवाछपवी करता येणार नाही, मुलांना सांगावं लागेल आणि त्यांच्या हातातून स्टेअरिंग काढून घ्यावं लागेल. ज्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही हातात धरलं नाही, त्याच्या हातातून. आणि मला स्वतःला गाडी चालवता येत नाही.

पहिला दिवस: लातूर–नांदेड

सकाळी साडेसहाला निघालो. भास्कररावांनी नेहमीप्रमाणे गाडीला एक फेरी मारली, चारही टायरांना बुटाचं टोक लावून बघितलं. माझ्या पायाशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची स्टीलची बाटली. लातूर ते नांदेड मध्ये थांबत गेलात तर तीन तास धरा. रस्ता आता बराच रुंद आहे, पण गावांजवळ ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतात, तेव्हा सावध. अहमदपूरला नाष्टा केला. सुशीला मिळाली, मुरमुऱ्यांची, वरून शेंगदाणे आणि लिंबू; दोन प्लेट आणि दोन चहा शंभराच्या आत.

टपरीवाल्या बाईंनी विचारलं, "कुठं चालला?"

"किनवटला," भास्करराव म्हणाले.

"लई लांब की! लेकीकडं का?"

"हाव. आन् ड्युटीबी हाय."

बाई हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या हातातला चहा साडीवर सांडला.

पण लोह्यापर्यंत काही झालं नाही. नांदेडपर्यंतही नाही. पुढचं वळण यायच्या आधीच ते सांगत होते, "आता उजवीकडं विहीर येईल," आणि विहीर येत होती. नांदेडात स्टेशनजवळ लॉज घेतला; साधा, स्वच्छ, दोघांना हजार रुपये, गाडी आत लावायची सोय. दुपारी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात पंगतीत बसून जेवलो. मी मनातल्या मनात स्वतःला रागावत होते, की बाई, तू उगाच चांगल्या माणसात चुका शोधत बसलीयेस.

दुसरा दिवस: नांदेड–हदगाव–किनवट

अर्धापूरला केळी घ्या. तिथून जाऊन केळी न घेणं म्हणजे त्या गावाचा अपमान आहे. पुढं वारंगा फाट्यावर खिचडी खा. ती आम्हीही खाल्ली, भज्यांसकट. रस्त्यात कापसानं फुगलेल्या गाड्या होत्या, दोरखंडानं आवळलेल्या. त्यांना ओलांडताना घाई करू नका, मागचं काही दिसत नाही.

हदगावच्या बसस्थानकासमोर महेबूबभाई आमची वाट बघत उभे होते. हे भास्कररावांचे जुने कंडक्टर. दोघांनी एका गाडीवर अकरा वर्षं काढली. आता त्यांचं रसवंतीचं दुकान आहे.

"काय भास्कर, मिशी कुठं ठेवून आलास?"

"तुझ्या पोटाखाली दबली असंल, बघ जरा."

ही दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिली. उसाचा रस आला. महेबूबभाई मला सांगू लागले, "भाभी, ह्यो माणूस लई शिस्तीचा. डबल बेल मारल्याबिगर गाडी हलवायचा न्हाई. एकदा माझी बेलची दोरी तुटली. मी मागून वरडतोय, चल भास्कर, चल! ह्यो बसलाय तसाच. शेवटी एका बाईच्या तांब्यावर दोनदा ठोकलं, तवा निघाला."

"नियम हाय," भास्करराव म्हणाले. "एक बेल थांबा, डबल बेल चला. वरडण्यावर गाडी चालवली तर कुणाचा पाय चाकाखाली येईल, सांगता येतं का?"

सगळे हसलो. ते हात धुवायला गेले तेव्हा महेबूबभाई माझ्याजवळ सरकले. आवाज एकदम खाली आला.

"भाभी, राग मानू नका. आता बसल्यापासून त्यानं मला तीनदा विचारलं, तुझ्या पोरीचं लग्न झालं का. तिच्या लग्नात जेवणाची पंगत त्यानंच वाढली होती. गाडी त्याच्या हातात... बघा जरा."

मी मान हलवली. केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकेपर्यंत भीती आपल्या ताब्यात असते. तिथून ती सुटली.

हदगाव सोडून अर्धा तास झाला असेल. दुतर्फा तुरीची उभी पिकं, रस्ता मोकळा. एका फाट्यावर मोठं कडुलिंबाचं झाड होतं. भास्कररावांनी गती कमी केली, गाडी झाडाच्या सावलीत घेतली आणि उभी केली. इंजिन चालू. दोन्ही हात स्टेअरिंगवर. नजर वरच्या आरशात.

"अहो, काय झालं? पाणी पाहिजे?"

मागून एक टेम्पो आला, कर्कश हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. गाडीचा निम्मा भाग रस्त्यावरच होता.

"अहो, बाजूला तरी घ्या."

"थांब की. उतरून राहिले लोक."

मी मागं वळून पाहिलं. मागच्या सीटवर आमची बॅग आणि मेघासाठी आणलेला लाडवांचा डबा होता. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, पण तो हात माझा आहे हे त्यांना कळलंय असंही वाटलं नाही. ते आरशात बघत वाट पाहत होते, आणि माझ्याकडं बघून एखाद्या अनोळखी प्रवाशाला सांगावं तसं म्हणाले, "बेल न्हाई झाली अजून, बाई."

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं.

समोरून एक ट्रक येताना दिसला. ओरडावं, किल्ली काढून घ्यावी, खाली उतरून कुणाला तरी हाक मारावी, सगळं एकदम मनात आलं. फोन काढला, रेंज नव्हती. मग पायाशी स्टीलची बाटली दिसली. फोन काढताना पर्समधली घराची किल्ली हातात आली होती. मी बाटलीवर दोनदा ठोकलं.

टण् टण्.

भास्कररावांनी गिअर टाकला. उजवीकडचा आरसा पाहिला, हात बाहेर काढून इशारा केला आणि गाडी अलगद रस्त्यावर घेतली.

हिमायतनगरपर्यंत ते आणखी चार ठिकाणी थांबले. प्रत्येक ठिकाणी कुठलंतरी झाड, पार किंवा मोडका निवारा होता. मी प्रत्येक वेळी दहापर्यंत आकडे मोजायची, माणसं उतरायला लागतो तेवढा वेळ, आणि बाटलीवर ठोकायची. डेस्कवर असताना पान छपाईला सोडायची वेळ गाठायची असली की मी भीती बाजूला ठेवायची, पान गेल्यावर काय ते बघू. तसंच केलं. पण किल्लीचे दात रुतून तळव्यावर लाल वळ उठले होते.

हिमायतनगर मागं टाकल्यावर एक रेल्वे फाटक लागलं. फाटक उघडं होतं, पुढच्या मोटारसायकली सरळ निघून गेल्या. भास्करराव रुळांच्या अलीकडं थांबले. मी ठोकलं. गाडी हलली नाही. पुन्हा ठोकलं.

"असं नसतं चालत," ते शांतपणे म्हणाले. "आधी उतरून बघा. दोन्ही बाजू."

मला आठवलं. पूर्वी राखण नसलेल्या फाटकावर कंडक्टरनं खाली उतरून, रुळावर दोन्हीकडं बघून, हात करायचा नियम होता. ते घरी मुलांना ही गोष्ट सांगायचे.

मी दार उघडलं. एक पाय खाली ठेवला आणि तिथंच थबकले. मी उतरले आणि हा माणूस मला इथंच सोडून निघून गेला तर? गाडी घेऊन, एकटा, अशा मनानं, पुढच्या जंगलात? आणि नाही उतरले तर तो इथून हलणार नाही, आणि मागं आता रांग लागली होती.

मी उतरले. रुळापर्यंत चालत गेले. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. साठ वर्षांची बाई उघड्या फाटकात उभी राहून काय करतेय म्हणून लोक बघत होते. मी हात वर करून हलवला. गाडी माझ्याजवळून हळू गेली, रूळ ओलांडले आणि पुढं गेली. गेलीच. मी धावले. चपलेचा अंगठा सुटला. पन्नासेक पावलांवर गाडी थांबली, डाव्या बाजूचं दार आतून उघडलं.

"बसा," भास्करराव म्हणाले. मी बसले. बाटली उचलून दोनदा ठोकताना मला रडू फुटलं होतं. ते रस्त्याकडं बघत होते.

इस्लापूरजवळून सहस्रकुंडाला वळायचं. बारीक रस्ता आहे, पाटी बघत जा. पैनगंगेचं पाणी हिवाळ्यात कमी असतं, पण काळ्या खडकातून ज्या जोरानं खाली पडतं ते बघायला थांबाच. खडक निसरडे आहेत, कठड्यापलीकडं जाऊ नका. आम्ही उभे होतो आणि तुषार अंगावर येत होते. भास्कररावांनी रुमालानं तोंड पुसलं, माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमन, तू आज एवढी गप का गं? डोळे का लाल झालेत?"

आले होते परत. कुठून, ते त्यांना माहीत नव्हतं.

"ऊन लागलं," मी म्हटलं.

"मंग पेरू घेऊ. इथं पेरू लई गोड असतात." खाली एका आजीबाईकडून त्यांनी पेरू घेतले, भाव करताना दोघांचं भांडण झालं, आणि आजीबाई जिंकल्या. मी पेरू खाल्ला, पण चव कळली नाही. कारण पुढचा रस्ता सागाच्या जंगलातून होता, वस्ती विरळ, आणि चालवणारे तेच होते. त्या तासाविषयी एवढंच सांगते, की ते एकदाही चुकले नाहीत आणि मी एकदाही पाठ टेकली नाही. ऊन असतानाच किनवट आलं.

किनवट

मेघाच्या वसतिगृहात दीडशे मुली आहेत. त्यांनी अंगणात भास्कररावांसाठी रांगोळी काढली होती: एसटी, लाल, मागं शिडी लावलेली. निखिल व्हिडिओ कॉलवर होता. केक कापला. यंदा वसतिगृहातल्या दोघी नर्सिंगला लागल्या, हे सांगताना मेघाचा चेहरा बघण्यासारखा होता. ह्याच मुलीला पहिल्या पोस्टिंगला पाठवताना मी घाबरले होते. आता ती दीडशे जणींची भीती सांभाळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा ठेवताना मी तिला सगळं सांगितलं. फाट्यापासून फाटकापर्यंत. तिनं गॅस बंद केला.

"आई, आणि तू त्यांना चालवू दिलंस?"

"मग काय करू? तिथं कुणाला बोलवू?"

"काही झालं असतं म्हणजे?"

"त्याच भीतीनं तर कालपासून तोंडात पदर घालून बसलेय गं."

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "परत मी नेऊन सोडते लातूरला. चार दिवस रजा टाकते. पण ते किल्ली देणार नाहीत."

देणार नाहीत हे मलाही माहीत होतं. मागं एकदा त्यांना ताप होता म्हणून निखिलनं गाडी चालवतो म्हटलं, तर दोन दिवस जेवले नव्हते. मेघा बोलून बघायला गेली. अंगणातून आवाज आला, "म्हातारा झालो का मी? तुझ्या जन्माआधीपासून हा रस्ता चालवून राहिलो!" ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

मी कागद घेतला. त्यावर तारीख टाकली, गाडीचा नंबर, मीटरवरचा आकडा, आणि खाली लिहिलं: लातूर ते किनवट, ड्युटी पूर्ण, अपघात नाही. अंगणात गेले. ते गाडीची काच पुसत होते.

"अहो, तुमची ड्युटी किनवटपर्यंतच होती. इथून पुढं दुसऱ्या ड्रायव्हरची आहे. सही करा."

त्यांनी कागद घेतला. हात लांब करून वाचला. मग माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी माझ्यासमोर कोण उभं होतं, ड्युटी संपलेले ड्रायव्हर की सगळं समजून चुकलेला माझा नवरा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"अपघात न्हाई," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे बरोबर लिहिलं."

सही केली. खिशातून किल्ली काढून माझ्या तळव्यावर ठेवली, जिथं कालचे वळ होते तिथंच. त्यांचं बोट त्या वळांवर जरा थांबलं.

घरी

येताना मेघानं चालवली. भास्करराव मागं बसले. इस्लापूरला चहाला थांबून निघताना मेघानं किल्ली फिरवली, तर मागून म्हणाले, "ती बाटली दे इकडं." मी दिली. लातूरपर्यंत प्रत्येक थांब्यानंतर त्यांनी दोन्हीकडं वळून, दारं लागली का बघून, दोनदा ठोकलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकदाच ठोकलं. मेघानं गाडी दारात थांबवली.

डॉक्टरांना दाखवलं आहे. गोळ्या चालू आहेत, तपासण्या व्हायच्या आहेत. निखिल दर शनिवारी येतो. डॉक्टर म्हणाले की हे हळूहळू वाढत जाईल. किती हळू, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ह्या रस्त्यानं जायचं असेल तर डिसेंबर उत्तम, हवा छान असते. नांदेडला एक मुक्काम करा, किनवटला दोन. अर्धापूरची केळी विसरू नका.

माझं म्हणाल तर साठाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलंय. शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. भास्कररावांना घरी एकटं ठेववत नाही, म्हणून त्यांना मागच्या सीटवर बसू द्याल का, असं पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "बसू द्या की, काकांना हवा लागेल."

मैदानात गाडी उभी होती. मी पट्टा लावला, आरसा नीट केला. आरशात ते दिसत होते, मांडीवर बाटली, नजर खिडकीबाहेर. आज ते कुठं होते, हदगावला की माझ्याजवळ, कळायला मार्ग नव्हता. बाई म्हणाल्या, "हं, काकू, सोडा क्लच." माझा पाय हलेना. बाई पुन्हा म्हणाल्या, "काकू, घाबरू नका, सोडा." मी आरशात बघत थांबले.

त्यांनी मान वळवून डावीकडचं दार बघितलं. मग उजवीकडचं.

टण् टण्.